‘लीनिअंट’ आणि ‘लॅक्स’ यांचा अर्थ एकच आहे का?

तुम्ही विचारलंय की नियमांबाबत कडक नसलेल्या माणसाला इंग्रजीत लीनिअंट म्हणावं की लॅक्स, आणि दोन्हींतलं कुठलंही वापरलं तर चालेल का. नाही चालणार. लॅक्स म्हटलं की त्या माणसावर ठपका बसतो, लीनिअंटने तसा बसतोच असं नाही.

मी इंग्रजी शिकवते. एका मुलीने नोकरीच्या अर्जात जुन्या साहेबांची स्तुती करताना लॅक्स लिहिलं होतं. साहेब सांभाळून घ्यायचे, एवढंच तिला सांगायचं होतं. वाचणाऱ्याला मात्र वाटलं असतं की साहेबांचं कामाकडे लक्षच नव्हतं. पाठवण्याआधी तिने अर्ज मला दाखवला, म्हणून निभावलं.

लीनिअंटच्या मुळाशी लॅटिन ‘लेनिस’ आहे, म्हणजे मऊ, सौम्य. चूक दिसलेली असते, शिक्षेचा अधिकारही हातात असतो, तरी माणूस नरमाईने घेतो. न्यायाधीश कमी शिक्षा देतात किंवा परीक्षक सढळ हाताने गुण देतो, तिथे हाच शब्द. लॅक्स आला ‘लाक्सुस’वरून, म्हणजे सैल. पोट साफ करायच्या औषधाला लॅक्सेटिव्ह म्हणतात ना, तेही त्याच मुळाचं. इथे कोणी विचार करून सूट दिलेली नसते, पकडच ढिली पडलेली असते. फाटकावर ओळखपत्र कोणी बघतच नाही, तर ती सिक्युरिटी लॅक्स. माणसाशी लीनिअंट वागतात, म्हणून पुढे बहुधा ‘विथ’ येतं. लॅक्स असतात ते कामाबाबत, म्हणून ‘अबाउट’.

आईवडिलांबद्दल लिहायचं असेल तर परमिसिव्ह बघा. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात पालकांच्या तीन तऱ्हा मांडल्या, त्यांतली ही एक: माया भरपूर, बंधनं फार थोडी. नातवाला जेवणाआधी लाडू देणारी आजी मात्र इंडल्जंट. त्या शब्दात लाड आहेत.

आणखी एक शब्द मला फार आवडतो, कनाइव्ह. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ डोळे मिटणं, म्हणजे जवळजवळ आपला कानाडोळाच! फक्त पुढचं अव्यय जपून निवडा. ‘कनाइव्ह ॲट’ म्हणजे गैरप्रकाराकडे जाणूनबुजून कानाडोळा करणं, आणि ‘कनाइव्ह विथ’ म्हणजे त्या माणसाशी संगनमत करणं.