सिम्युलेशन बरोबर, पण लेथवर चॅम्फर आणि रेडियस चुकतात: चूक कुठे शोधायची?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: कॅममध्ये (मशीनचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टर्निंगचा प्रोग्रॅम केला, सिम्युलेशन स्वच्छ चाललं, मशीनवर व्यासही बरोबर येतात, पण चॅम्फर (कोपऱ्याचा तिरका कट) आणि रेडियस (कोपऱ्याची गोलाई) चुकतात. एका जॉबला मध्येच ०४१ अलार्म येतो. कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा संगणक, फॅनक कंपनीचा आहे. सॉफ्टवेअर बदलावं, की पोस्ट (कॅमच्या पाथचं जी-कोडमध्ये भाषांतर करणारा भाग) बिघडलीय?

सॉफ्टवेअर इतक्यात बदलू नका. आधी सांगा, चॅम्फर नेमका किती आला? ‘लहान येतो’ एवढ्यावर काही कळत नाही, आकडा हवा. लेथवरच्या बहुतेक चुकांना आकडा असतो, आणि तो आकडा चूक कुठून आली ते जवळजवळ नाव घेऊन सांगतो. आपण मात्र मोजायचं सोडून सेटिंगं बदलत बसतो. मीही बसलोय.

समजा ड्रॉइंगवर १ मिमी × ४५° चा चॅम्फर आहे आणि फिनिशिंगच्या इन्सर्टचा (कापणाऱ्या कार्बाइडच्या तुकड्याचा) नोज रेडियस, म्हणजे टोकाच्या गोलाईची त्रिज्या, ०.८ आहे. जॉबवर चॅम्फर ०.५३ भरला, तर कॉम्पेन्सेशन (त्या गोलाईची भरपाई) कुठेच लागलेलं नाही, ना कॅममध्ये ना मशीनवर. १.४७ भरला, तर ते दोनदा लागलंय. बाहेरच्या कोपऱ्यावर आर २ (२ मिमी रेडियस) असेल तर तेच आकडे १.२ आणि २.८ होतात.

हे कुठून येतं ते एकदा नीट समजून घ्या, पुढची निम्मी डोकेदुखी जाईल. टूल सेट करताना आपण इन्सर्ट एकदा व्यासाला टेकवतो, एकदा फेसला. मशीनच्या हिशेबात टूलचं टोक म्हणजे या दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू. पण इन्सर्टचं टोक गोल आहे, त्यामुळे त्या बिंदूवर प्रत्यक्षात कार्बाइड नाहीच, नुसती हवा आहे. सरळ व्यास किंवा सरळ फेस कापताना याने काही बिघडत नाही, म्हणून तर तुमचे व्यास बरोबर येतात. तिरकं उतरायला लागलं की कापणारी कड त्या काल्पनिक टोकाच्या मागे राहते आणि तेवढं मटेरियल उरतं. ४५ अंशाला चॅम्फरच्या मापात हा फरक नोज रेडियसच्या ०.५८६ पट पडतो. ०.८ च्या इन्सर्टला ०.४७, ०.४ च्या इन्सर्टला ०.२३. बाहेरच्या गोलाईतून तर सरळ नोज रेडियसच वजा होतो.

तेव्हा व्यास बरोबर आणि फक्त चॅम्फर, टेपर, रेडियस चुकीचे असं दिसलं की पोस्टला हात लावायच्या आधी नोज रेडियसकडे बघायचं.

आता ‘दोनदा लागलंय’ म्हणजे काय. कॅममध्ये फिनिशिंगच्या ऑपरेशनला कॉम्पेन्सेशनचा पर्याय असतो. ‘कॉम्प्युटर’ निवडलं तर सॉफ्टवेअर नोज रेडियस आधीच धरून पाथ काढतं आणि प्रोग्रॅममध्ये मशीनला कॉम्पेन्सेशन लावायला सांगणारा जी४१/जी४२ येत नाही. ‘कंट्रोल’ निवडलं तर ड्रॉइंगचीच मापं बाहेर पडतात, जी४२ येतो, आणि मशीनच्या ऑफसेट पानावर (टूलची मापं असतात तिथे) आर, म्हणजे नोज रेडियस, ०.८ भरावा लागतो. ‘वेअर’ निवडलं तर पाथही सरकवलेला असतो आणि जी४२ सुद्धा येतो. अशा वेळी ऑफसेट पानावर आर शून्य ठेवायचा असतो. गडबड इथे होते: कोणीतरी जी४२ पाहतो, आर शून्य पाहतो, ‘अरे हे राहिलंच’ म्हणून मोठ्या काळजीने ०.८ भरतो, आणि पुढच्या जॉबला चॅम्फर १.४७.

याच आकड्याची आणखी एक वाट आहे. फॅनकवर जॉमेट्री (टूलची मूळ मापं) आणि वेअर (झिजेची दुरुस्ती) या दोन्ही पानांवर आर चा रकाना असतो आणि कंट्रोल दोन्हींची बेरीज घेतो. दोन्हीकडे ०.८ भरलेला असला तर मशीन १.६ धरतं, आणि चॅम्फर पुन्हा १.४७ च येतो. म्हणून १.४७ दिसला की आधी दोन्ही पानं बघा, मग कॅम उघडा.

टी चा रकानाही तपासा. तो टूल नंबर नाही, टोकाची दिशा आहे. मागच्या टरेटच्या (टूल धरणाऱ्या डोक्याच्या) मशीनवर चककडे कापत जाणाऱ्या बाहेरच्या टूलला ३, बोअरिंग बारला २. आर भरला आणि टी शून्यच राहिला, तर मशीन समजतं की तुम्ही टूल नोजच्या केंद्रावर सेट केलंय. मग ०.८ च्या इन्सर्टला बाहेरचा व्यास १.६ ने मोठा आणि फेस ०.८ ने लांब येतो. तुमचे व्यास ठीक आहेत, त्यामुळे तुमच्याकडे हे नसावं. पण १.६ चा फरक कधी दिसलाच, तर एक्सचा ऑफसेट ओढून तो लपवू नका. व्यास जुळेल, फेसची लांबी आणि बाकी सगळं विस्कटेल.

तुमचा ०४१ याच घरातला. कॉम्पेन्सेशन लावलेला पाथ स्वतःलाच आडवा जायला लागला की कंट्रोल हा अलार्म देऊन थांबतं. नेहमीचं कारण म्हणजे आतल्या कोपऱ्यातली गोलाई नोज रेडियसपेक्षा लहान असणं. ड्रॉइंगवर आर ०.५ आणि हातात ०.८ चा इन्सर्ट असेल तर ते भूमितीलाच मान्य नाही, पोस्ट काय करणार! ०.४ चा इन्सर्ट घ्या. दुसरं कारण शोधायला जरा वेळ लागतो: मॉडेलमध्ये कुठेतरी दोन रेषा नीट जुळलेल्या नसतात आणि कॅम तिथे काही मायक्रॉनचा तुकडा सोडतं. स्क्रीनवर तो दिसत नाही. प्रोग्रॅममध्ये मात्र एक्स ४०.० झेड-१२.० च्या लगेच खाली एक्स ४०.००४ झेड-१२.००३ अशी ओळ सापडते. डीएक्सएफवरून (ड्रॉइंगच्या फाइलवरून) घेतलेल्या जुन्या ड्रॉइंगांत हे फार. ती ओळ काढून टाकण्यापेक्षा मॉडेलच दुरुस्त करावं, नाहीतर पुढच्या पोस्टला ती परत हजर. जी४२ सुरू करायची ओळही सरळ जी०० किंवा जी०१ ची हवी आणि नोज रेडियसपेक्षा लांब. गोलाईवर सुरू केलं तर ०३४ अलार्म येतो.

‘सिम्युलेशन तर बरोबर होतं’ याबद्दल थोडं. कॅममधलं नेहमीचं सिम्युलेशन मशीनला जाणारा प्रोग्रॅम चालवून दाखवत नाही. ते सॉफ्टवेअरच्या पोटातला पाथ दाखवतं. त्यानंतर पोस्ट प्रोसेसर त्या पाथचं जी-कोडमध्ये भाषांतर करतो, त्यानंतर ऑफसेट पान येतं, त्यानंतर मशीनचे पॅरामीटर. या तिन्हींपैकी कशाचीही सिम्युलेशनला गंधवार्ता नसते. म्हणून पोस्ट होऊन आलेली फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून पहिल्या वीस ओळी आणि फिनिशिंगचा भाग डोळ्यांनी वाचायची सवय लावा. कंटाळवाणं काम आहे, पण चूक तिथेच दिसते.

त्या वीस ओळींत काय बघायचं? पहिलं, फीड (टूल सरकण्याचा वेग) कुठल्या एककात आहे. फॅनकच्या लेथला जी-कोडच्या ए, बी, सी अशा तीन सिस्टिम असतात. ए मध्ये जी९८ म्हणजे मिनिटाला फीड आणि जी९९ म्हणजे फेऱ्याला फीड. बी मध्ये त्याच कामाला जी९४ आणि जी९५. पण ए मध्ये जी९४ ही फेसिंगची सायकल आहे! तसंच स्पिंडलच्या वेगाची मर्यादा ए मध्ये जी५० एस२००० अशी लिहितात आणि बी मध्ये जी९२ ने. ए मधला जी९२ मात्र थ्रेडिंगची सायकल. चुकीच्या सिस्टिमची पोस्ट निवडली की प्रोग्रॅम दिसायला अगदी सभ्य दिसतो आणि मशीन भलतंच करतं. एफ०.२ देऊन टूल जागच्या जागी थिजल्यासारखं वाटलं तर मशीन मिनिटाला ०.२ मिमीने चाललंय. उलट, फेऱ्याच्या फीडमध्ये एफ१५० गेला तर काय होईल ते लिहायला नको.

जी५० ची मर्यादा नसताना जी९६ (कापण्याचा वेग कायम ठेवणारा कोड) कधीही चालवू नका. जी९६ एस२०० म्हणजे मिनिटाला २०० मीटर. ५० मिमी व्यासाला हे १२७३ आरपीएम होतात, ५ मिमीला साधारण १२,७३०. फेसिंग करत टूल मध्याकडे गेलं की स्पिंडल मशीनच्या कमाल वेगाकडे धावतं, आणि जॉ ने धरलेला वेडावाकडा जॉब त्या वेगासाठी धरलेला नसतो.

दुसरं, दशांश चिन्ह. काही मशीनवर एक्स५० असं नुसतं लिहिलं तर ते ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५ मिमी समजलं जातं. ३४०१ पॅरामीटरच्या शून्याव्या बिटवर हे ठरतं. फरक हजारपट असेल तर दुसरीकडे कुठे बघूच नका. आणि जी७६ थ्रेडिंगमध्ये बरोबर उलट: तिथे पी आणि क्यू ला दशांश चालत नाही, दिला तर ०७ नंबरचा अलार्म येतो. एम २० × १.५ च्या बाहेरच्या थ्रेडची खोली ०.९२ असेल तर पी९२०, म्हणजे मायक्रॉनमध्ये. थ्रेडिंग जी९७ (आरपीएम कायम) मध्येच करा. दर पासला व्यास कमी होतो, जी९६ मध्ये त्याबरोबर आरपीएम बदलतं आणि थ्रेडची सुरुवात सरकते.

रफिंगच्या सायकलवर जरा थांबतो, कारण माझं हसू इथेच झालंय. जी७१ दोन ओळींत येतो आणि दोन्हींत यू असतो. पहिल्या ओळीतला यू म्हणजे एका पासची खोली, तीही त्रिज्येत. दुसऱ्या ओळीतला यू म्हणजे फिनिशिंगसाठी ठेवायचं मटेरियल, ते व्यासात. बोअरिंग असेल तर हा दुसरा यू ऋण हवा. ५० मिमीच्या एका बोअरला मी घाईत यू०.४ लिहिलं, उणे चिन्ह राहिलं. रफिंग झालं, फिनिशिंगचं टूल आत जाऊन बाहेर आलं, चिप एकही पडली नाही. मी आपला ‘वा, काय हलका कट आहे’ म्हणत दार उघडलं. बोअर गेज ५०.४ दाखवत होतं. बरोबर ०.४, ना कमी ना जास्त. टूल वाकलं, इन्सर्ट झिजला, तापमानाने फुगलं, यातलं काहीही इतका गोल आकडा देत नाही. इतका स्वच्छ आकडा कोणीतरी टाइप केलेला असतो.

जी७१ च्या पी आणि क्यू (आकाराच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीचे नंबर) बद्दल एवढंच: पोस्ट प्रत्येक ओळीला एन नंबर देत असेल तर तोच नंबर प्रोग्रॅममध्ये दोनदा आलेला नाही ना ते पाहा. दोन टूलांच्या प्रोफाइलला एन१०० असेल तर जी७० (फिनिशिंगची सायकल) भलताच आकार उचलू शकतो. साध्या प्रकारच्या जी७१ मध्ये पी च्या ओळीत फक्त एक्स हवा, आणि त्या आकारात मध्येच खाली उतरून वर येणारा खड्डा चालत नाही. तसा असेल तर ०६४ अलार्म. सायकल एमडीआयमध्ये (ओळी हाताने टाइप करून चालवायच्या मोडमध्ये) किंवा बाहेरून थेट चालवली तर ०६७ येऊ शकतो, कारण तो आकार कंट्रोलच्या स्वतःच्या मेमरीत लागतो.

कधी कधी कॅम अंडरकटमध्ये मटेरियल सोडून देतं आणि आपण त्याला ‘बग’ म्हणून दोष देतो. तो बग नाही. ९३° च्या होल्डरमध्ये ५५° चा डीएनएमजी इन्सर्ट असेल तर मागच्या बाजूला ३२° उरतात. ९५° च्या होल्डरमधल्या ८०° च्या सीएनएमजी इन्सर्टला फक्त ५°. त्याहून तीव्र उतार कापायला गेलं तर इन्सर्टची मागची कड घासेल, म्हणून सॉफ्टवेअर तिथे जातच नाही. टूलच्या व्याख्येत हे कोन खोटे भरून पाथ ‘सरळ’ करून घेणारे लोक मी पाहिलेत. पाथ सरळ होतो खरा.

आणि जी०० बद्दल सावध राहा. स्क्रीनवर तिरकी सरळ रेषा दिसते, पण बऱ्याच मशीनवर रॅपिडमध्ये दोन्ही अक्ष आपापल्या वेगाने सुटतात, एक आधी पोहोचतो आणि वाट मोडते. बोअरमधून बाहेर येताना एक्स आणि झेड एकाच ओळीत असतील तर बार भिंतीला लागू शकतो. आधी झेड बाहेर काढा, मग एक्स. नव्या प्रोग्रॅमला सिंगल ब्लॉक, रॅपिड कमीत कमी, आणि नजर ‘डिस्टन्स टू गो’ (किती अंतर बाकी आहे त्या आकड्या) वर. टूल जॉबपासून ३ मिमीवर दिसतंय आणि आकडा ४० शिल्लक सांगतोय, तर हात फीड होल्डवर हवा.

आता तुमच्या जॉबकडे. एक तुकडा काढा, चॅम्फर प्रोफाइल प्रोजेक्टरवर मोजा, तो नसेल तर चांगल्या व्हर्नियरने. इन्सर्टच्या डब्यावरचा नोज रेडियस वाचा, आठवणीवर जाऊ नका. मी वर दिलेले आकडे ०.८ चे आहेत, तुमचा ०.४ असेल तर ते ०.७७ आणि १.२३ होतील. आकडा यातला निघाला तर काय करायचं ते वर आलंच आहे. तिसराच काही निघाला, तर फिनिशिंगच्या दहा-पंधरा ओळी आणि त्या टूलचे जॉमेट्री व वेअर दोन्ही पानांवरचे आर आणि टी इथेच खाली लिहा. ०४१ ज्या ओळीवर थांबतो ती ओळ आणि तिच्या पुढच्या दोन ओळीही द्या. कंट्रोल पुढचं वाचत चालतं, त्यामुळे खरी चूक बहुधा त्या दोन ओळींतच असेल.