बीएस्सी पहिल्या वर्षाला फिजिक्स घेतलंय, पण बारावीत प्रॅक्टिकल नावालाच झालं. सोलापुरात निभेल का?

निभेल. माझंही बारावीचं जर्नल मित्राच्या जर्नलवरूनच उतरलेलं होतं.

पहिले दोन आठवडे फक्त मोजायला शिक. व्हर्नियर कॅलिपरचं लघुतम माप साधारण 0.01 सेंमी, स्क्रू गेजचं 0.001 सेंमी. वाचन घेण्याआधी शून्य त्रुटी, म्हणजे जबडे बंद असताना वाचन शून्यच येतं का, ते बघायचं, ही सवय लागली की अर्धं काम झालं.

साधा लंबकच घे. दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची, आणि झोका लहान ठेवायचा. लांबी 1 मीटर असेल तर आवर्तनकाल, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाचा वेळ, जवळपास 2 सेकंद येतो. एकाच आंदोलनाची वेळ घेतलीस आणि स्टॉपवॉच दाबताना 0.2 सेकंद चुकलं, तर ती 10 टक्के चूक. यातून g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचं असतं; त्याच्या सूत्रात काळाचा वर्ग असल्यानं तिथे ती दुप्पट, म्हणजे 20 टक्के. 20 आंदोलनं मोजलीस की तीच चूक g मध्ये 1 टक्क्यावर येते. हे एवढं कळलं तर तोंडी परीक्षेत घाबरायचं कारण नाही.

आणि हो, वाचन घेताना पंखा बंद. आपल्याकडच्या मार्चमध्ये ही शिक्षाच आहे, पण वाऱ्यानं लंबक गोल फिरायला लागतो.

g चं उत्तर 9.4 आलं तर 9.4 च लिही. 9.8 आणायला आकडे ओढूनताणून बसवलेले सरांना लगेच दिसतात. त्यापेक्षा फरक कुठून आला ते दोन ओळींत लिही. जर्नल त्याच दिवशी पूर्ण कर, साठवलं की मेलास.