कॉलेजचा छोटा उपग्रह चालवायला चोवीस तास ड्युटी लावावी लागते का? ग्राउंड स्टेशनला, म्हणजे त्याचे सिग्नल पकडायच्या जमिनीवरच्या सेटअपला, किती खर्च येतो?

चोवीस तास कशाला? ५०० किलोमीटरवरचा उपग्रह साधारण दीड तासात पृथ्वीला चक्कर मारतो, पण तुमच्या गच्चीवरून दिवसातून चार-सहा वेळाच सापडतो. अगदी डोक्यावरून गेला तरी दहा-बारा मिनिटं. दोन पोरं पुरतात, फक्त ती गच्चीवर पाहिजेत, एसी खोलीत नाही.

खर्चाचं विचारलंत म्हणून सांगतो. पुण्याच्या सीओईपी इंजिनीअरिंग कॉलेजच्या पोरांचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला आणि नांदेडकडच्या आमच्या कॉलेजातही ग्राउंड स्टेशनचं वारं शिरलं. आम्ही ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा यागी अँटेना (जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखा) जोडला, लॅपटॉपला आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीवरचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर, लावला. विद्यार्थी उपग्रहांचे पास लागायचे, म्हणजे ते आमच्या आकाशातून जायचे, पण स्क्रीनवर नुसता गोंगाट. खरेदी कमिटीतले एक सर म्हणाले, “ह्या टीव्हीच्या काड्यांनी काय होतंय? मोठी डिश घेऊ, खाली कंट्रोल रूम करू.” कोटेशनं पण मागवली. मी म्हणत होतो, गोंगाट आपल्याच बिल्डिंगीतला आहे. पण पोराटोराचं कोण ऐकतंय!

मग एका रात्री ऐन पासच्या वेळी लाईट गेली. मी जिन्यातला हॉस्टेलचा इन्व्हर्टरही बंद केला. पोरांनी खालून शिव्या घातल्या. लॅपटॉप बॅटरीवर होता. गोंगाट बसला आणि वॉटरफॉलवर (सिग्नल वरून खाली सरकत दाखवणाऱ्या स्क्रीनवर) तुटक-तुटक बारीक रेघ उतरायला लागली: मोर्स बीकन, म्हणजे उपग्रहाची ‘मी इथे आहे’ अशी टिकटिक! रेघ वाकडी होती. ४३७ मेगाहर्ट्झला उपग्रह येताना फ्रिक्वेन्सी १० किलोहर्ट्झपर्यंत वर असते, जाताना तेवढीच खाली. वाकत जाणारी रेघ वरची. सरळ खाली उतरणारी बहुतेक तुमच्याच चार्जरची नाहीतर एलईडी बल्बची. सरांना सकाळी रेकॉर्डिंग दाखवलं. म्हणाले, “योगायोग.” डिश आलीच.

तेव्हा पैसे घालायचेच तर लो-नॉइज ॲम्प्लिफायरमध्ये (फारसा गोंगाट न घालता क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या डबीत) घाला, आणि तो अँटेनापाशी बांधा. खाली रिसीव्हरजवळ लावून उपयोग नाही, साध्या आरजी-५८ केबलच्या तीस मीटरमध्येच निम्म्याहून जास्त सिग्नल मरतो. टीएलई, म्हणजे उपग्रह कुठे असेल ते काढायचे कक्षेचे आकडे, ताजे घ्या. जुन्यावर विसंबलात तर अँटेना भलतीकडेच बघत बसतो.

हां, एस-बँडवर (दोन-चार गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात) डेटा उतरवायचा असेल तर डिश लागते, तेवढं सरांचं मान्य. आणि हे सगळं ऐकण्यापुरतं झालं. हॅम बँडवरून (हौशी रेडिओवाल्यांच्या फ्रिक्वेन्सीवरून) कमांड पाठवायची तर लायसन्सवाला माणूस हवा, त्याची परीक्षा आत्ताच द्यायला लावा. कमिटीतल्या कुणाला नको, पोरांना.