नोकरी हातात नसताना जर्मनीला यावं का? ब्रेमेनहून एका पुणेकरणीचं उत्तर

परवा धाकट्या भावाच्या वर्गमित्राचा लांबलचक मेसेज आला. वय 33, राहायला कोथरूडला, चाकणच्या एका कंपनीत डिझाइनला आठ वर्षं. बायकोची नोकरी चालू आहे, मुलगी बालवाडीत. कंपनीत माणसं कमी करताहेत. ‘ताई, चान्सनकार्ट काढून जर्मनीला यावं म्हणतोय. सासरे म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. पुढचं काहीच दिसत नसताना तू कशाच्या भरवशावर गेलीस?’ असं अजून दोघा-तिघांनी विचारलंय, म्हणून त्याला लिहिलेलं उत्तर सगळ्यांसाठी देतेय.

अरे, आधी पैशांचं बोलू. चान्सनकार्ट, म्हणजे नोकरी मिळायच्या आधीच जर्मनीत यायचं परवाना-कार्ड, जून 2024 पासून मिळायला लागलं. त्यावर नोकरी शोधायला एक वर्ष राहता येतं आणि तोवर आठवड्याला 20 तास काम करता येतं. पदवी इथे पूर्ण मान्य असेल तर गुणांची भानगड नाही, नाहीतर भाषा, अनुभव, वय असं मिळून 6 गुण जमवावे लागतात. अनाबिन म्हणून परदेशी विद्यापीठांची आणि पदव्यांची जर्मन सरकारी यादी आहे, तुझं विद्यापीठ आजच तिच्यात शोध, त्याच्यापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यतेची खूण, दिसली पाहिजे. मग बंद खातं, म्हणजे इथल्या वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं ब्लॉक्ड अकाउंट. 2025 मध्ये महिन्याला 1,091 युरो धरत होते, म्हणजे वर्षाचे 13,092. रुपयांत तेरा लाखांच्या घरात. पैसे तुझेच राहतात, इथे आल्यावर दर महिन्याला ठरलेले सुटतात. पण त्यासाठी कोथरूडचा फ्लॅट गहाण टाकायचा विचार असेल, तर तिथेच थांब. सासरे तेवढ्यापुरते बरोबर आहेत.

एजंट सांगत नाही ती गोष्ट: या कार्डावर बायको-मुलीला सोबत आणता येत नाही. आधी नोकरी, मग ब्लू कार्ड (पदवीधरांना ठरावीक पगाराच्या नोकरीवर मिळणारा राहण्याचा परवाना), मग त्यांचा व्हिसा. तोवर लेक रोज फोनच्या स्क्रीनवर भेटेल. हे बायकोशी बोललायस ना? मेसेजमध्ये सासऱ्यांचं मत आहे, तिचं कुठेच नाही.

आणि इथल्या गाड्यांच्या धंद्याचं फार गोड चित्र मनात धरू नकोस. फोक्सवॅगनने डिसेंबर 2024 मध्ये कामगार संघटनेशी करार करून 2030 पर्यंत 35,000 जागा कमी करायचं ठरवलं. रेल्वे, पवनचक्क्या, पॅकेजिंगची यंत्रं असं आजूबाजूलाही बघ. भाषेचं म्हणशील तर कार्डाच्या कागदावर ए1, म्हणजे जर्मनची अगदी पहिली पायरी, किंवा चांगलं इंग्रजी चालतं, कारखान्यातल्या मीटिंगमध्ये चालत नाही. बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे, फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूट आहे. बी1, म्हणजे तिसरी पायरी, पुण्यातच कर. इथे आल्यावर शिकेन म्हणणारे पुष्कळ बघितलेत मी, त्यांचं सगळं वर्ष घर शोधण्यात आणि अर्ज भरण्यात जातं.

आता भरवशाचं. मी जून 2022 ला आले तेव्हा हातात नोकरी होती, ब्लू कार्ड होतं, सगळं पक्कं होतं. औंधातल्या ब्रेमेन चौकातून हजारदा स्कूटर काढली असेल, पण ते एका गावाचं नाव आहे हे मला व्हिसा काढताना कळलं. असो. नोव्हेंबरमध्ये, सहा महिन्यांचा प्रोबेशनचा काळ संपायला तीन आठवडे असताना, कंपनीने एका पानाचं पत्र हातात ठेवलं. दोन आठवड्यांची नोटीस, कारण सांगायची गरज नाही. बेकारभत्ता मिळायला बेकारी विम्याचे 12 महिने हप्ते भरलेले लागतात, माझे सहासुद्धा झाले नव्हते. नवी नोकरी शोधायला तीन महिने होते, त्यानंतर राहण्याचा परवाना धोक्यात.

त्या दिवशी घरी येऊन मी कुकर लावला. किती शिट्ट्या झाल्या कळलंच नाही. खालच्या आजी वर आल्या, काही जळतंय का विचारायला. वरणाचा कोळसा झाला होता.

बाबांना दोन दिवस सांगितलं नाही. सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘परत आलीस तर तुझी खोली आहे. सध्या त्यात कांदे ठेवलेत, ते हलवू.’ आणि मग विचारलं, ‘तुमच्याकडे आज किती वाजता मावळला?’ मला वाटलं, विषय बदलताहेत. पण दुसऱ्या दिवशीही तेच. डिसेंबरात ब्रेमेनला सकाळी साडेआठला उजाडतं आणि चारच्या थोडं पुढे अंधारून येतं, त्यात पाऊस. बाबा रोज वेळ विचारायचे आणि कालनिर्णयवर लिहायचे. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख आणि त्यांच्या शेजारी ब्रेमेनचा सूर्यास्त. चार वाजून सात, पुन्हा चार वाजून सात, मग आठ. संक्रांतीला त्यांनी हिशेब सांगितला: ‘महिन्याभरात अर्धा तास मिळवलास तू. दिवस तिळातिळानेच वाढतो.’ मी काहीच मिळवलं नव्हतं, पृथ्वी फिरत होती. पण त्या दिवशी तिळगूळ नसताना शेंगदाणे आणि साखर खाल्ली आणि चार अर्ज पाठवले.

बाबा देवभोळे नाहीत. दर वर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालतात, दिवे घाट चढतात. पण निघताना पिशवीत प्लॅस्टिकचा कागद, चपलेचा जादा जोड, बीपीच्या गोळ्या असतात. दिंड्यांचं तरी काय वेगळं असतं? पुढच्या मुक्कामी ट्रक गेलेला असतो, तंबू ठोकलेले असतात, चूल पेटलेली असते. पंढरपूर लांब असतं, पण रात्री झोपायचं कुठे ते ठरलेलं असतं. मीही पुढे पंधरवड्यापुरतंच बघायला लागले. या महिन्याचं भाडं, विमा, या आठवड्यात कोणाला फोन. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले, म्हणजे ते नाहीत म्हणून रडत बसायला नको.

41 अर्ज, 5 मुलाखती. शेवटची फेब्रुवारीत, मुदतीला नऊ दिवस उरले असताना. पगार आधीपेक्षा कमी, पण ब्लू कार्डात बसणारा. मिळाली नसती तर मी गुपचूप परतले असते आणि आज तुला हे कांद्यांच्या खोलीतून लिहिलं असतं. तेही चाललं असतं, हे मला तेव्हा खरंच पटलेलं होतं. भरवसा म्हणतोस तो एवढाच होता.

तेव्हा तूही तारीख ठरव. बी1 कधी, नोकरी सोडायची ती व्हिसा हातात आल्यावर, आणि नाहीच जमलं तर कोणत्या महिन्यात परत, हे बायकोबरोबर बसून कागदावर लिही. तिची सही घे, गंमत नाही. मूळ प्रमाणपत्रांना मात्र भोकं पाडू नकोस. इथल्या फायली दोन भोकांच्या असतात आणि मी उत्साहात माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेला पाडली, त्यावर आई अजून बोलते.

अनाबिनचं बघितलंस की फोन कर. रविवारी केलास तर बरं, इथे दुकानं बंद असतात, मी घरीच असते.