पक्ष्यांची फारशी ओळख नसताना पक्षीगणनेला गेलो तर त्या नोंदींचा काही उपयोग होतो का?

होतो. तुम्ही लिहिलंय की जेमतेम वीसेक पक्षी ओळखता येतात आणि चुकीचं भरण्यापेक्षा न गेलेलं बरं. मी पहिल्यांदा उजनीच्या पाण्यावर, भिगवणच्या बाजूला गेलो तेव्हा मला वीससुद्धा येत नव्हते. बगळा, बदक आणि 'ते काळं काहीतरी', संपलं. ते काळं म्हणजे वारकरी, हे होडीवाल्या काकांनी सांगितलं. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. पुन्हा कधी चुकलो नाही. हळदीकुंकू बदकाचंही तेच, चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी कुंकू. पक्ष्यांना अशी नावं देणाऱ्यांनी निम्मं काम करून ठेवलंय.

ती जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना होती. आपल्याकडे ती १९८७पासून चालते. नवख्याला तिथे काम नसतं असं समजू नका. मला वही दिली होती. दुर्बिणीतून बघणारा डोळा न काढता आकडे सांगतो आणि कुणालातरी ते लिहावे लागतात. थवा मोजायची रीतही तिथेच कळली. एकेक पक्षी मोजत बसायचं नाही. आधी दहा मोजायचे, दहांनी पाण्यावर किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरायचं आणि तेवढा तुकडा थव्यावर पुढे पुढे सरकवत न्यायचा. मोठा थवा असेल तर शंभराचा तुकडा. आमचं तीनशे चाळीसपर्यंत आलं आणि वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गेला. अख्खा थवा उठला, चक्कर मारून दुसऱ्या टोकाला बसला. पुन्हा एकपासून!

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं, दुर्मीळ पक्षी दिसला तरच नोंद कामाची. उलट आहे. कामाची असते ती पूर्ण यादी, म्हणजे त्या पंधरा-वीस मिनिटांत ओळखता आलेले सगळे पक्षी, कावळा-साळुंकीसकट. किती वेळ होतात, किती चाललात, हेही लिहायचं. कारण यादी पूर्ण असेल तरच तिच्यात *नसलेल्या* पक्ष्याला अर्थ येतो. समजा एका भागातल्या शंभर याद्यांपैकी चाळीसमध्ये नीलपंख होता आणि काही वर्षांनी तिथल्याच शंभर याद्यांपैकी वीसमध्येच सापडला, तर काहीतरी बिघडलंय. कुणी फक्त 'आज नीलपंख दिसला, फोटो जोडतोय' एवढंच टाकत राहिलं तर हे कधीच कळणार नाही.

नीलपंखाचं उदाहरण उगाच घेतलेलं नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा २०२३चा अहवाल ३० हजारांवर पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या अॅपवर टाकलेल्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यातले बहुतेक तुमच्याआमच्यासारखे हौशी. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतल्या २०४ घटलेल्या निघाल्या. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख इतका घटलाय की त्याच्या धोक्याचा दर्जा पुन्हा तपासा, अशी शिफारस झाली. मोर मात्र वाढलाय. आणि चिमणी, जिच्यासाठी आपण सगळे हळहळतो, ती २०२०च्या अहवालानुसार मोठ्या शहरांत कमी झाली असली तरी देशभराचा विचार करता बऱ्यापैकी टिकून आहे. हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही.

एका वर्षाच्या आकड्यावर मात्र उड्या मारू नका. उजनीत जानेवारीला पाणी भरपूर असलं की चिखलाचा पट्टा बुडालेला असतो, मग रोहित म्हणजे फ्लेमिंगो कमी दिसतात. पाणी ओसरलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. लगेच 'यंदा फ्लेमिंगो रुसले' अशी बातमी होते. म्हणून तर दर वर्षी त्याच जागी जायचं.

चुकांची भीती म्हणाल तर ऐका. मी एकदा २२ साळुंक्यांऐवजी २२२ भरल्या. आकडा त्या भागासाठी अवाच्या सवा वाटला की अॅप आधीच विचारतं. मी घाईत 'हो' दाबलं. दोन दिवसांनी नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाचा अतिशय सभ्य मेल आला, 'एवढ्या खरंच होत्या का?' दुरुस्त केलं, विषय संपला. तिथे कुणी रागावत नाही. नक्की कळलं नाही तर अंदाजाने नाव ठोकू नका एवढंच. पाण्याकाठची ती छोटी तुतारी पक्ष्यांची मंडळी लांबून सगळी सारखीच दिसतात. 'तुतारीपैकी कुणीतरी' अशी नोंद करायची सोय आहे, ती बिनधास्त वापरा. शिक्रा आणि पावशा यांत तर अजून माझी फसगत होते.

सुरुवात गच्चीवरून करा. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही जगभरची पक्षीगणना असते, पंधरा मिनिटं पुरतात. नाहीतर ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात गावोगावी फेऱ्या निघतात, त्यांत घुसा. दुर्बीण लगेच विकत घेऊ नका. माझे पहिले दोन हिवाळे दुसऱ्यांच्या दुर्बिणीवर निघाले, आणि वही धरणाऱ्याला ती मागायचा हक्कच असतो.