वाचकांचे प्रश्न : लॉनचं कार्पेट सतरंजीसारखं उचलून येतंय

प्रश्न : मेच्या पहिल्या आठवड्यात घरापुढे 400 चौरस फुटांवर सिलेक्शन नंबर 1 या गवताचं तयार कार्पेट (मातीसकट कापलेले गवताचे तुकडे) अंथरलं. माती काळी आहे. रोज संध्याकाळी पाणी देतो. तीन आठवड्यांत कडा पिवळ्या पडल्या, सांध्यांत बोटभर फटी आल्या आणि तुकडा ओढला की उचलून येतो. काय चुकलं? – एक वाचक, बारामती

उत्तर : एक तुकडा उलटा करून बघा. मुळं तपकिरी आणि खालची जमीन कडक, कोरडी असेल, तर मुळं खाली उतरलेलीच नाहीत. तुकड्याची माती जेमतेम इंचभर. मेच्या उन्हात ती दुपारपर्यंत सुकते, आकसते, आणि सुकणं कडेपासून सुरू होतं. संध्याकाळचं पाणी तोवर पोचत नाही.

पूर्ण वाळलेले तुकडे काढून टाका. जे अजून हिरवे आहेत ते उचलून सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि त्याच दिवशी परत बसवा. थप्पी लावून ठेवलेलं कार्पेट आतून तापून पिवळं पडतं. खालची जमीन चार-पाच इंच खणून ढेकळं फोडा. तिच्यावर पोयटा माती दोन भाग, वाळू एक भाग आणि पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत एक भाग असा दोन इंचांचा थर द्या. पूर्ण 400 फुटांना हे मिश्रण साधारण 67 घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासपेक्षा (ब्रास म्हणजे 100 घनफूट) थोडं कमी लागेल. शेणखत कच्चं असेल तर त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते, इथे अजिबात तडजोड नको. घराकडून बाहेर दर 10 फुटांना सव्वा इंच उतार ठेवा, रोलर फिरवा, जमीन ओलवा, मगच तुकडे बसवा.

सांधे विटांच्या बांधकामासारखे एकाआड एक यावेत. तुकडा ताणू नका. ताणलेला तुकडा सुकताना मागे सरतो आणि फट पडते. राहिलेल्या फटींत तेच मिश्रण भरा. काम करताना फळीवर उभे राहा, नाहीतर टाचांचे खड्डे पडतात.

शेवटी पुन्हा रोलर आणि लगेच पाणी. पहिले दहा दिवस सकाळी भरपूर, दुपारी हलका शिडकावा. 400 फुटांवर 5 मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 185 लिटर. कोपरा उचलून खाली तीन इंच ओल आहे का ते बोटाने पाहा. तुकडा ओढूनही हलेना, की पाणी दिवसाआड पण खोलवर द्या. पहिली कापणी त्यानंतरच, उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. युरिया महिनाभराने, 400 फुटांना 200 ग्रॅम, ओल्या जमिनीवर फोकून वर लगेच पाणी.

प्रश्न : आंब्याखाली हेच लॉन चालेल का? – एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : नाही. सिलेक्शन नंबर 1 ही हरळीचीच जात आहे, तिला सहा तास तरी थेट ऊन लागतं. सावलीत ती लांबुडकी, विरळ होते. आंब्याखाली नेचे लावा.

प्रश्न : लॉनमधला लव्हाळा (तण) उपटला तरी पुन्हा येतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : उपटताना वरची पात तुटते, गाठ जमिनीतच राहते. पाणी दिल्यावर माती मऊ असताना खुरप्याने गाठीसकट काढा. नवीन जागेत कार्पेट आणण्याआधी मोकळ्या जमिनीला पाणी देऊन पंधरा दिवस थांबा, उगवलेला लव्हाळा गाठींसह खणा, आणि हे आणखी एकदा करा.