ळ येत नाही म्हणून ओठ हलवणाऱ्या सईला

प्रिय सई,

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आरती करून परत येताना गाडीत तू विचारलंस, "बाबा, शंकराच्या आरतीत सारखं ळा ळा का येतं? आमच्या मिस म्हणतात, कवितेतला आवाजसुद्धा अर्थ सांगतो. मग ह्या ळाचा अर्थ काय? का नुसत्या ओळी जुळवल्यात?" मी म्हटलं, "यमक आहे गं ते," आणि सिग्नल सुटला. थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत तू म्हणालीस, "मला ळ येत नाही. ती ओळ आली की मी नुसते ओठ हलवते."

माझं उत्तर खोटं नव्हतं, पण ते टाळण्यासाठी दिलेलं उत्तर होतं. आणि तुझे हलणारे ओठ अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. म्हणून लिहितोय. एका दमात वाचायला हवं असं काही नाही.

बेळगावातल्या शहापूरच्या घरी आरतीला आम्ही दहा-बारा जण असायचो. 'सुखकर्ता' झाली की लगेच 'लवथवती'. लवथवणं म्हणजे थरथरणं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर तो शब्द म्हणजे आज्जीच्या हातातल्या निरांजनाची ज्योत, एवढंच मला वाटायचं, आणि मला त्यात काही कमी वाटत नव्हतं. पहिल्या दोन ओळी काका दणक्यात म्हणायचे: 'लवथवती विक्राळा ब्रह्मांडी माळा, विषे कंठ काळा त्रिनेत्री ज्वाळा.' मग 'लावण्यसुंदर मस्तकी बाळा' आली की आज्जी टाळ हळू करायची, आणि 'तेथुनिया जळ निर्मळ वाहे झुळझुळा' हे सगळ्यांनी तिच्या लयीत म्हणायचं. शेजारच्या सुशीलाअक्का रोज यायच्या. त्यांच्या घरी कानडी बोलत, मराठी त्यांना तोडकंमोडकंच यायचं, पण 'झुळझुळा'तला त्यांचा ळ आमच्या सगळ्यांपेक्षा खणखणीत असायचा.

आता त्याच चार ओळी मोठ्यानं म्हणून बघ. ळ नाही आला तरी चालेल. विक्राळा, ब्रह्मांडी, त्रिनेत्री, ज्वाळा. क्र, ब्र, ह्म, त्र, ज्व. प्रत्येक शब्दात जिभेला गाठ सोडवत जावं लागतं. गळ्यात विष आहे, कपाळावर जाळ आहे, आणि तोंडही तसंच भरून येतं. मग चौथ्या ओळीत गंगा येते आणि गाठी सुटतात. जळ निर्मळ वाहे झुळझुळा: यात एक 'र्म' सोडला तर जोडाक्षरच नाही. ळ मात्र तोच आहे. ज्वाळेत जो होता तोच जळात आहे, फक्त त्याची सोबत बदलली. आणि मराठीत जळ म्हणजे पाणी, जळणं म्हणजे पेटणं. विस्तव आणि पाणी एकाच देवाच्या डोक्यावर आहेत, आणि अक्षरंही त्यांनी वाटून घेतलीत.

समर्थ रामदासांनी हे मोजूनमापून केलं असेल असं मी म्हणत नाही. ळानं संपणारे शब्द मराठीत पुष्कळ आहेत, जुळवायला सोपे. तुझा संशय अगदीच चुकीचा नाही. पण शाळेत आम्हाला अनुप्रासाची व्याख्या पाठ करायला लावली, 'एकाच अक्षराची पुनरावृत्ती होऊन नाद निर्माण होतो', आणि ऐका असं कुणी म्हटलं नाही. तो नाद मी आरतीतच ऐकला होता. परीक्षेच्या पेपरात तो लिहिता येतो हे काही मला सुचलं नाही.

ळ म्हटला की मला खरं तर पाऊसच आठवतो. मी सात-आठ वर्षांचा असताना बाबा, म्हणजे तुझे आजोबा, मला खानापूरच्या पुढं कणकुंबीला घेऊन गेले होते. मलप्रभा तिथं उगम पावते. पुढं ती कूडलसंगमाला कृष्णेला मिळते, पण तिथं मात्र एवढीशी होती. जंगलात धो धो पाऊस, आणि सगळीकडून ओहळ खळखळत होते. बसमध्ये शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या मला कानडी शब्द शिकवत होत्या. पाऊस म्हणजे मळे. नदी म्हणजे होळे. ओढा म्हणजे हळ्ळ. मी आजोबांना म्हटलं, यांच्या पाण्यातपण ळ आहे की! ते हसले आणि म्हणाले, बेळगावातपण आहे बघ.

घरात हे सगळं इतकं सोपं नव्हतं, तेही तुला सांगायला हवं. 1956 साली राज्यांची नव्यानं मांडणी झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. त्याच्या निषेधात काका दर 1 नोव्हेंबरला काळी फीत लावून काळ्या दिवसाच्या फेरीत जायचे. रेडिओवर कानडी गाणं लागलं की उठून बटण फिरवायचे. त्यांचं दुःख खरं होतं. मराठीत अर्ज घेतला नाही म्हणून त्यांना एका कचेरीतून तीनदा परत पाठवलं होतं. पुढं 2014 मध्ये त्याच तारखेला गावाचं नाव बेळगावी झालं, तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

पण काका फेरीला गेले की आज्जी धारवाड आकाशवाणी लावायची. एकदा त्यावर लागलं, 'इळिदु बा तायि, इळिदु बा.' उतरून ये, आई, उतरून ये. मग 'हरन जडेयिंद, हरिय अडियिंद', हराच्या जटेतून, हरीच्या पायांतून. सुशीलाअक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी मला सांगितलं, दुसरं अक्षर बघ. हरन, हरिय: दोन्हीकडे र. जुन्या कानडी काव्यात प्रत्येक ओळीतलं दुसरं अक्षर जुळवतात, आपण ओळीचा शेवट जुळवतो. ती गंगाच होती, सई. आरतीत डोक्यावरून झुळझुळणारी तीच, इथं तिला खाली बोलावत होते. उतरण्याच्या त्या शब्दातसुद्धा ळ होताच.

हे लिहिणारे धारवाडचे द. रा. बेंद्रे. 1973 चं ज्ञानपीठ त्यांना 'नाकु तंति'साठी मिळालं, कानडीतले फार मोठे कवी. त्यांच्या घरची भाषा मराठी होती. हे मी एकदा काकांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग तो ळ आपल्याकडचाच." मला त्या वेळी राग आला होता. आता वाटतं, त्यांच्याकडून तेवढंच देणं शक्य होतं, आणि ते त्यांनी दिलं.

तुझ्या ळबद्दल. मराठीत एकही शब्द ळनं सुरू होत नाही, त्यामुळे नुसता ळ म्हणायला गेलीस की जीभ अडतेच. आधी काहीतरी लागतं. 'अळ' म्हण. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला टेकव आणि पुढं आपटून सोड. काल आणि काळ, वेल आणि वेळ, असे जोडीनं म्हणून बघ. नाही जमलं तर ल म्हण. पण मोठ्यानं म्हण गं. ओठ नको हलवूस नुसते. मी मागं लागलोय असं वाटत असेल तर हा परिच्छेद सोडून दे.

रविवारी आज्जीचा फोन येईल. सुशीलाअक्का हल्ली दुपारी तिच्याकडेच येऊन बसतात. त्यांना विचार, मळे कशी आहे? त्या सांगायला लागल्या की मध्ये बोलू नकोस, ऐक.

तुझा,
बाबा